बारा फोटोंचं शेगाव

आधी डोक्याला दुपट्टा बांधा. कान झाकले गेले पाहिजेत. खिशात एक कांदा टाका. लू लागू नये म्हणून वर्ध्याची म्हातारी माणसं आजही टाकायला सांगतात. मोबाइल घरीच राहू द्या. त्याच्याऐवजी हा चामड्याचा डबा गळ्यात अडकवा. जड आहे ना? किलोभर तरी असेल. पट्टा मानेला काचेल, पण आखूड करू नका. डबा पोटावरच आला पाहिजे, का ते पुढे कळेल.

आता चला. 1940 चा मे महिना आहे, रविवारची दुपार आहे आणि तुम्ही वर्धा स्टेशनच्या फलाटावर उतरला आहात.

पहिला श्वास घेताच नाकातले केस करपल्यासारखे वाटतात. इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात गेलाय, चोळू नका. फलाटाची फरशी चपलेच्या तळव्यातूनही चटका देते. हमाल, पाणीवाला, पोत्यांवर बसलेली बाया-माणसं, रडणारं पोर, आणि या सगळ्यावर वाफेचा तो लांबलचक सुस्कारा. स्टेशनाबाहेर आलात की वास बदलतो. लीद, भिजवलेलं गवत, घोड्याचा घाम आणि कुठून तरी येणारा सरकीच्या तेलाचा खवट वास. कापसाचा मुलूख आहे, हा वास इथल्या हवेतच मुरलेला आहे.

"कुठं जाचं हाये जी?" टांगेवाला विचारतो. तुम्ही सेवाग्राम म्हणता. तो क्षणभर थांबतो, मग त्याच्या लक्षात येतं. "शेगाव म्हना ना! गांधीबाबाकडं." गावाचं नाव नुकतंच बदललंय. पत्रं चुकून बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून हे सेवाग्राम झालं. टपालखात्याची सोय झाली, माणसांची जीभ अजून वळलेली नाही.

वाट आठेक किलोमीटरची. दोन्ही बाजूंना काळी शेतं, उन्हाने भेगाळलेली, एकेका भेगेत हात जाईल एवढी. बाभूळ, पळस, कडुनिंब. सावली म्हणावी ती कडुनिंबाचीच. टांग्याच्या चाकामागे काळी-करडी धूळ उठते आणि तुमच्याबरोबरच आत बसून प्रवास करते. दातांत कचकचते. बापूंचे सचिव महादेवभाई देसाई काही काळ वर्ध्यातल्या मगनवाडीतून या वाटेने रोज पायी जात-येत असत, असल्याच उन्हात. घोड्याच्या घुंगरांवर कान ठेवा, म्हणजे आठ किलोमीटर लवकर सरतील.

तेवढ्यात मांडीवरचा डबा उघडून बघा. रोलिफ्लेक्स. एकावर एक दोन भिंगं, घुबडाच्या डोळ्यांसारखी. वरच्या भिंगातून तुम्ही बघायचं, खालच्यातून फिल्म बघते. आत एक रोल आहे, बारा फोटोंचा, काळा-पांढरा. बारा म्हणजे बाराच. काढलेला फोटो लगेच बघता येणार नाही, पुसता येणार नाही, आणि दुसरा रोल तुमच्याजवळ नाही.

टांगा थांबतो. पहिल्यांदा जाणवते ती शांतता. मग ती शांतता नाही हे कळतं. चरख्याची घरघर आहे, रहाटाचं कुरकुरणं आहे, गाय हंबरते आहे, कुणीतरी खोकतंय. कवेलूंची उतरती छपरं, बांबूच्या कुडावर लिंपलेली माती, अंगणात शेणाचा सडा. बापू कुटीत पाऊल टाकलंत की अंगावरचं ऊन कुणी सोलून काढल्यासारखं वाटतं. जाड मातीच्या आत हवा थंड आहे, अंधारी आहे, तिला ओल्या खादीचा आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास आहे. भिंतीवर बापूंच्या शिष्या मीराबहन यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडं, ॐ, चरखा. डोळे सरावायला मिनिटभर लागतं. फिल्मला तेवढ्याने भागणार नाही, तिला उजेडच लागतो. तुमची पंचाईत इथून सुरू होते.

दारातून एक तेविशीचा तरुण आत येतो. खादीचा सदरा, गळ्यात तुमच्यासारखाच डबा. हे कनु गांधी. बापूंचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव. डॉक्टर व्हायचं मनात होतं, आले इथे, आणि पत्रव्यवहार नि हिशेबाच्या कामात बुडून गेले. आश्रमातलं रोजचं जगणं कुणीतरी टिपून ठेवायला हवं, हे विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजीराव भावे यांनी त्यांच्या मनात भरवलं. कॅमेऱ्याला पैसे कुठले? घनश्यामदास बिर्लांनी 100 रुपये दिले, त्यांत रोलिफ्लेक्स आणि फिल्म आली. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला अमुक असं बसा-उभे राहा म्हणायचं नाही, आणि आश्रम या छंदाला पैसा देणार नाही.

या तीन अटी तुम्हालाही लागू आहेत, लक्षात ठेवा. मला तर वाटतं, कनुभाईंचे फोटो जे आहेत ते या अटींमुळेच आहेत. फ्लॅश नाही, म्हणून उजेड कुटीत कुठल्या खिडकीतून किती वाजता येतो हे पाठ करावं लागलं. 'इकडे बघा' म्हणता येत नाही, म्हणून माणूस आपणहून काय करतो याची वाट बघत बसावं लागलं. पैसा नाही, म्हणून एकेक फोटो जपून. काही फोटो वर्तमानपत्रांना विकून पुढच्या फिल्मची सोय व्हायची. जो माणूस दिवसभर त्याच घरात हिशेब लिहितो, त्याच पंगतीत जेवतो, त्यालाच हे जमायचं.

संध्याकाळ. बापू फिरायला निघतात आणि सगळ्यांची धावपळ उडते. सत्तरी गाठलेला माणूस एवढा झपाझप चालेल असं तुम्हाला वाटलं नव्हतं. धूळ उडते, पोरं पुढे धावतात, कुणी गावकरी वाटेत हात जोडतो. तुम्ही कॅमेऱ्याची झडप उघडता, मान खाली घालता, आणि चकित होता. पोटाशी, दुधी काचेच्या चौकोनात, ती सगळी वाट चमकते आहे! झाडं, धूळ, पांढरी धोतरं, पाण्यात पडल्यासारखी. फक्त डावं ते उजवं. बापू उजवीकडे चालले आहेत, काचेत ते डावीकडे निघालेत. त्यांना चौकटीत धरायला तुम्ही वळता ती नेमकी उलट दिशा. चौकोनात नुसती बाभूळ उरते. खट्. गेला एक.

दुसऱ्या खेपेला दिशा सांभाळता. चित्र सुरेख बसलंय. फक्त चामड्याचा पट्टा खालच्या भिंगासमोर लोंबतोय, आणि तुम्ही वरच्या भिंगातून बघताय, तेव्हा तो तुम्हाला दिसतच नाही. कनुभाई बाजूला येऊन, काही न बोलता, पट्टा मागे सारतात. दोन गेले, दहा राहिले.

रात्री कुणी घरात झोपत नाही. अंगणात खाटा पडतात. जमीन अजून ऊन सोडते आहे, पाठीखालून शेकतं, वरून मात्र झुळूक. दूर गावात कुत्रं, जवळ रातकिडे, कुठे कंदिलाचा ठिपका. एवढे तारे तुम्ही वर्ध्यात कधीच पाहिले नसतील. खाटेखाली हात लोंबकळू देऊ नका. इथे साप-विंचू भरपूर. उद्या कचेरीत तुम्हाला साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा दिसेल. पकडायचा आणि लांब रानात नेऊन सोडायचा, मारायचा नाही.

चारची घंटा. अंधारात चटया उलगडल्या जातात, कुणी जांभई दाबतं, आणि मग धीम्या आवाजात प्रार्थना. तुमचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. मागे घ्या. या अंधारात फिल्मवर काहीच उमटणार नाही. सगळं आयुष्य ज्याचा फोटो काढावासा वाटेल असं दृश्य समोर आहे आणि तुम्ही नुसते बसून आहात. मग कान उघडतात. शेजारच्या म्हाताऱ्याचा श्वास, बांगड्यांचा किणकिणाट, पहिला कोतवाल पक्षी.

उजाडलं की मात्र घाई करा. मेचं ऊन नऊनंतर पांढरंफेक होतं, सावल्या पायाखाली जातात आणि चेहऱ्यांना डोळ्यांऐवजी काळे खड्डे पडतात. आता ते तिरपं आहे, पिवळं आहे. कुणी अंगण झाडतंय, धुळीच्या पडद्यातून उन्हाच्या पट्ट्या निघाल्या आहेत. कुणी बादल्या घेऊन संडास साफ करायला निघालंय, कुणी जात्यावर बसलंय, कुणी भाजी निवडतंय. हे सारे शिकलेसवरलेले लोक आहेत, काही परदेशातून आलेले. तुम्ही झाडणाऱ्याचा फोटो घेता. हा चांगला आलाय, तुम्हाला मनोमन कळतं.

आज सोमवार आहे, बापूंचा मौनवार. कुटीत गादीवर ते बसले आहेत, पुढ्यात बुटकं मेज. बोलायचं ते चिठोऱ्यावर लिहून देतात, वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर. लोक येतात, टेकतात, चिठ्ठी वाचतात, हसतात, जातात. हवेत फक्त टाकाची कुरकुर. मग ते चरख्याकडे वळतात.

आता काय करायचं? खिडकीतून येणारा उजेड पावशेर आहे. भिंग पूर्ण उघडा. शटर सेकंदाच्या दहाव्या भागावर ठेवा. एवढ्या वेळात हात थरथरला तर सगळंच पुसट होईल. पाठ भिंतीला टेकवा. पट्टा मानेवर ताणून कॅमेरा पोटाशी घट्ट दाबा. तो लांब ठेवायला सांगितला होता तो यासाठी. श्वास सोडा, घेऊ नका. घाम कपाळावरून काचेवर टपकतो, टपकू द्या. दुधी काचेत बापूंचा चेहरा स्थिर आहे. डोळे धाग्यावर. उजवा हात गोल फिरतोय, डावा हात मागे मागे जातोय, त्यातून सूत निघतंय. तुम्ही मान झुकवून बसला आहात, जणू नमस्कारात. कॅमेरा तोंडासमोर नाही, म्हणून तुम्ही कुणावर रोखून बसल्यासारखे दिसत नाही. बापूंनी वर पाहिलेलंच नाही.

टिक. रोलिफ्लेक्सचा आवाज एवढाच. गांधील सुद्धा यापेक्षा मोठ्याने गुणगुणते.

या फोटोत चेहरा लख्ख येईल आणि फिरणारा हात धुक्यासारखा. तो दोष समजू नका. सूत काततानाचा हात तसाच असतो. काही वर्षांनी पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट ही फोटोग्राफर बापूंचा चरख्याजवळचा फोटो काढायला येईल, तेव्हा तिला आधी सूत कातायला शिकावं लागेल, आणि मोजून तीन फ्लॅशबल्ब मिळतील. दोन वाया जातील. तिसऱ्याने जो फोटो निघाला तो जगभर गेला, आणि तो थोरच आहे. पण कनुभाईंच्या फोटोंत कुटीतला अंधार तसाच राहिला आहे, दाणेदार, थोडा अस्पष्ट. वर्ध्याच्या मेमध्ये घरात शिरल्यावर डोळ्यांना दिसतो तसा. मला तो जास्त जवळचा वाटतो.

अकराला जेवणाची घंटा. लांबलचक पंगत, पितळी थाळ्या, उकडलेली भाजी, तीत ना तेल ना तिखट. आणि ती कडुनिंबाची चटणी. खा, सगळी खा, कुणीतरी बघतंय. कडवटपणा जिभेवरून कानापर्यंत चढतो. बापू स्वतः वाढायला फिरतात, कुणाच्या पोटाला काय मानवतं ते त्यांना पाठ आहे. स्वयंपाकघरातून वाफ, धूर, भांड्यांचा खणखणाट. इथे तुम्ही दोन फोटो भराभर उडवता. दोन्ही वाफेत वाया गेलेत.

दुपार मात्र खरी कसोटी. पारा पंचेचाळिशीच्या आसपास. माशीसुद्धा सावलीत बसते. आश्रमात जो तो डोक्यावर ओला पंचा ठेवून काम करतो, पोटावर मातीच्या पट्ट्या. तुम्ही ओसरीवर डुलकी काढणार इतक्यात कनुभाई तुम्हाला कोपराने ढोसतात.

बाहेर बापू उभे आहेत. डोक्यावर उशी.

हो, उशी. उन्हापासून बचाव म्हणून चक्क उशी डोक्यावर ठेवली आहे, आणि तिच्याखाली तो चष्मा, ती मिशी, तो निर्विकार चेहरा. साऱ्या देशाचं ज्याच्या शब्दाकडे लक्ष लागलंय तो माणूस बाजारातून ओझं घेऊन निघाल्यासारखा दिसतोय. हसू नका, कॅमेरा हलेल! टिक. शेजारीही टिक झालंय. कनुभाईंचा तो फोटो पुढे लोक बघतील आणि त्यांनाही आधी असंच हसू येईल. हा तुमच्या रोलवरचा सर्वांत चांगला फोटो आहे, कारण तो मागून मिळणारा नव्हता. तिथे त्या उकाड्यात बसून राहिलेल्यालाच तो दिसला.

ऊन कलल्यावर बाजूच्या एका लहान कुटीकडे चला. परचुरेशास्त्री तिथे राहतात. संस्कृतचे पंडित, अंगावर महारोग. लोक ज्याच्या सावलीलाही घाबरतात अशा माणसाला बापू स्वतःच्या हातांनी मालीश करताहेत. तेलाचा वास, जखमेवरच्या औषधाचा वास, आणि दोघांचंही लक्ष त्या कामात, बाकी कशात नाही. हे दृश्यही फिल्मवर उतरलेलं आहे, तुम्ही ते कधी ना कधी पाहिलं असेल. प्रत्यक्षात समोर उभं राहिल्यावर मात्र तुमचं बोट थबकतं. घ्यायचा की नाही? तुम्ही कनुभाईंकडे बघता. ते घेतात. तुम्ही घेत नाही. दोन्ही बरोबर आहे.

बा कुटीच्या दारात कस्तुरबा बसल्या आहेत. पदर डोक्यावरून घेतलेला, हात कसल्याशा कामात. त्यांचा एक फोटो तुम्ही लांबूनच घेता. चार वर्षांनी पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत, बा बापूंच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत असतील, कॅमेरा कनुभाईंच्या हाताशी असेल, आणि बापू त्यांना फोटो घेऊ देणार नाहीत. 1938 पासून दहा वर्षं ज्याने या घराची जवळजवळ प्रत्येक घडी टिपली, त्याला तेव्हा नुसतं बघत उभं राहावं लागेल. हे आत्ता त्यांना माहीत नाही. तुम्हाला आहे. काही बोलू नका.

सापाच्या पिंजऱ्याचा एक घ्या, घरच्यांना दाखवायला. सूर्य कलताना पिंपळाखाली खेळणाऱ्या पोरांचा एक. हा पिंपळ बापूंनी इथे आल्यावर लावला, अजून पोरगेलाच आहे. प्रार्थनेच्या मैदानाचा एक, उजेड जाता जाता. कॅमेऱ्याच्या खिडकीतला आकडा अकरा दाखवतो.

टांगेवाला न्यायला आलाय. तुमच्या गळ्यातल्या डब्याकडे तो कालपासूनच बघत होता. आता धीर करतो.

"माहाबी एक काढता का जी?"

तुम्ही होकार देता आणि हा माणूस बदलतो. पागोटं सोडून पुन्हा बांधतो. सदऱ्याची गुंडी लावतो. मिशीवरून बोट फिरवतो. घोड्याच्या मानेवर हात ठेवून, छाती काढून, श्वास रोखून, लग्नातल्या नवरदेवासारखा उभा राहतो. "घोड्याले घ्या संगं." पोज न देण्याची अट बापूंची होती, याची नव्हे. याने जन्मात पहिल्यांदा फोटोसाठी उभं राहायचं ठरवलंय, तो त्याला हवा तसाच निघाला पाहिजे. काळाकुळकुळीत घोडा, मागे मावळतीचा उजेड. टिक. बारा.

पण अजून तुमच्या हातात काहीही नाही. आहे ती एक गुंडाळी, जिभेने ओली करून कागदी पट्टीने चिकटवलेली. तीवर उजेड पडला तर सगळा दिवस गेला.

वर्धा गावात रोल धुणारा एक जण आहे. फिल्म धुवायला पाणी विशीच्या आसपास थंड हवं, आणि मेमध्ये इथलं पाणी न तापवता अंघोळीचं असतं. गरम पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडून सुटायला लागतं, चित्र अक्षरशः ओघळून जातं. म्हणून हे काम पहाटे तीनला. रांजणाभोवती ओलं गोणपाट, काळ्या कापडाने लिंपलेली खोली, आत हवा नाही. गच्च अंधारात तुमचा रोल पाण्यात खाली-वर होतोय, छप्-छप्. हायपो नावाच्या रसायनाचा उग्र वास घशात उतरतो. घाम पाठीवरून ओघळतो. मग तो माणूस दार उघडतो आणि ती ओली, चकाकती पट्टी कंदिलासमोर धरतो.

सगळं उलटं! खादी काळी, काळी माती पांढरी, सावल्यांना उजेड आलाय. पहिल्या चौकटीत नुसती बाभूळ. दुसरीत पट्टा. आणि मग झाडणारा, चरखा, उशी, बा. आहेत, सगळे आहेत. तुमचे गुडघे थोडे सैल पडतात.

पट्टी दोरीला चिमटा लावून वाळत टाकली जाते. खिडकी फटभर उघडी राहते, कारण आत जीव गुदमरतो. तेवढ्या फटीतून वर्ध्याची धूळ आत येते आणि ओल्या फिल्मवर बसते. एकच कण. वाळला की तो तिथलाच झाला.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली कागदावर फोटो उमटतात, तेव्हा त्या कणाखालून उजेड कागदापर्यंत पोचत नाही. कागद तेवढाच कोरा राहतो. काळ्या मातीचा कण, फोटोत शुभ्र ठिपका. तो पडलाय बाराव्या चौकटीत, बरोबर घोड्याच्या कपाळावर.

रोल धुणारा बारीक कुंचला घेऊन बसलाय. शाईचा एक थेंब टेकवला की ठिपका जाईल. टांगेवाला फोटो दोन्ही हातांनी धरून आधी स्वतःला बघतो, बराच वेळ. मग घोड्याला. अंगठा ठिपक्याजवळ नेतो, टेकवत नाही.

"राहू द्या जी," तो म्हणतो. "शोभून रायला त्याले."